वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह पर्यटकांना खुलं करावं का?

किनाराकर
नमस्कार मंडळी,

निवतीच्या किल्ल्यावर गेलेल्यांच्या हे डोळ्यांसमोर येईल. नैऋत्येला समुद्रात खडकाळ बेटांचा पुंजका आणि त्यातल्या एका बेटावर दीपगृह. नकाशावर 'वेंगुर्ला रॉक्स', इंग्रजांच्या जुन्या सागरी नकाशांत 'बर्न्ट आयलंड्स', आणि निवती-भोगव्याकडच्या मच्छीमारांच्या तोंडी 'रॉक' एवढंच. वेंगुर्ला बंदरापासून नऊ सागरी मैल धरा, म्हणजे सोळा-सतरा किलोमीटर. निवतीहून साधारण निम्मं. वस्ती अजिबात नाही.

आता तिकडे वर्दळ वाढणार असं दिसतंय. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही युद्धनौका निवती रॉकजवळ, म्हणजे याच खडकांजवळ, समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. पाणबुडीतून समुद्र दाखवायचंही घाटतंय. म्हणजे होड्या जाणार, माणसं जाणार. एवढ्या जवळ जाऊन दीपगृह लांबूनच बघायचं? फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरातली ७५ दीपगृहं पर्यटनस्थळं म्हणून विकसित केल्याचं वाचलं. मग या दीपगृहाने काय घोडं मारलंय?

माझं मत: ठरावीक दिवस, मोजकी माणसं, तिकीट लावा आणि जिना चढू द्या. स्थानिकांना चार पैसे मिळतील आणि इमारतही टिकेल. खाऱ्या हवेत बंद ठेवलेली वास्तू किती काळ तग धरणार?

तुम्हाला काय वाटतं? कोणी प्रत्यक्ष जाऊन आलंय का?

टवाळभैरव
दीपगृहावरचा धागा म्हणजे पहिला प्रतिसाद 'दिवे घ्या' असाच हवा. घेतले.

चष्मेवाली
वाचतेय. लहानपणी वेंगुर्ल्याच्या बंदरावरून रात्री लांब तो दिवा लुकलुकताना दिसायचा. तिथे जाता येतं असा विचारही कधी मनात आला नाही.

पाकोळीप्रेमी
नको. खरंच नको.

या बेटांच्या पोटात गुहा आहेत आणि त्यात भारतीय पाकोळीची वसाहत आहे. हा छोटा, धुरकट तपकिरी पक्षी आपल्या लाळेने घरटं बांधतो. लाळ सुकून कडक होते आणि वाटीसारखं घरटं थेट गुहेच्या भिंतीला चिकटतं. गुहेत मिट्ट काळोख असतो, तिथे हे पक्षी टक्-टक् आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. वटवाघळांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, यांचा येतो. घरट्यात साधारण दोनच अंडी.

आता यातलं दुखणं. लाळेच्या घरट्यांचं सूप काही देशांत फार महागडं समजलं जातं. आपल्या पाकोळीच्या घरट्यात लाळेबरोबर पिसं आणि शेवाळही असतं, तरी चोरांना तेही चालतं. २००१ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांनी इथली घरट्यांची चोरी उजेडात आणली. गुहेत बांबूच्या परांच्या बांधून घरटी खरवडली जात होती. वेळासच्या कासवांमुळे सगळ्यांना माहीत असलेली तीच संस्था. नंतर त्यांनी बेटांवर लक्ष ठेवण्याचं काम चालवलं आणि या पक्ष्याला कायद्याचं वरच्या दर्जाचं संरक्षणही मिळालं.

शिवाय सुरय, म्हणजे इंग्रजीत 'टर्न' म्हणतात ते समुद्रपक्षी. उन्हाळा सरता सरता आणि पावसाळ्यात इथे सुरयांच्या वसाहती असतात. उघड्या खडकावर अंडी घालणारा पक्षी आहे. माणूस जवळ गेला की पालक उडतात, मग अंडी एकतर उन्हात भाजतात किंवा दुसरा कोणी खातो. पन्नास माणसं सेल्फी काढायला उतरली की त्या वर्षीची पिल्लं संपली.

किनाराकर
@पाकोळीप्रेमी, माहितीबद्दल आभार. पण गुहा वेगळ्या बेटांवर आणि दीपगृह वेगळ्या बेटावर असेल तर अडचण कुठे आहे?

पाकोळीप्रेमी
एक जुनं दीपगृह होतं, त्याच्या बेटालाच 'ओल्ड लाइटहाउस आयलंड' म्हणतात. बर्न्ट आयलंड आणि हे जुन्या दीपगृहाचं बेट, दोन्हींत पाकोळ्यांच्या गुहा आहेत. आत्ताचा दिवा दुसऱ्या बेटावर आहे. तुम्ही म्हणता तसं नव्या दीपगृहापुरतं ठेवलंत तरी होडीवाल्याला "जरा तिकडे पण घ्या ना दादा" म्हणणारे दहातले आठ असतात. आपलीच माणसं आहेत, आपल्याला ठाऊक आहेत.

टवाळभैरव
आणि उरलेले दोन "ड्रोन उडवू का" विचारतात.

गाबीत_पोरगो
मी निवतीचो. आमचो बापूस आयुष्यभर त्या रॉकाच्या आजूबाजूक गळ टाकीत इलो. तांबोसो, गोबरो थयच गावतत, कारण खडपात मासो रवता.

तुमी म्हणतास तिकीट लावा. तिकीट फाडतलो कोण? आमी की भायरसून इललो ठेकेदार? ह्या आधी सांगा, मग बाकीचा बोलूया.

आनि दुसरी गोष्ट, रॉकाक होडी लावची म्हणजे स्टँडार एसटी लावची न्हय. लाट वर इली की उडी मारूची. चुकलास तर कालवां हातापायाची सालां काढतत. दर्यो पडललो असलो, सकाळी मतलई, म्हणजे जमनीकडसून येवचो वारो, असली, तरच जमता. दुपारी वारो फिरलो की परत फिरूचाच. शहरातल्या म्हाताऱ्या माणसाक थय कोण उतरवतलो?

चष्मेवाली
@गाबीत_पोरगो, मालवणीत लिहिलंत हे फार छान केलंत. घरी वाचून दाखवलं.

जुनाखलाशी
उतरण्याचं तो बरोबर सांगतोय. मी मर्चंट नेव्हीत होतो, निवृत्त झालो. या दिव्याजवळून जाताना आम्ही तो पाहिला आहे, पण वरून, जहाजाच्या पुलावरून. म्हणजे ब्रिजवरून. पुण्याचे लोक पुलावरून म्हटलं की लकडी पूल समजतील.

दीपगृहाबद्दल दोन गोष्टी सांगतो, मग पर्यटनाचं बोला. प्रत्येक दीपगृहाची लखलख वेगळी ठरवलेली असते. किती सेकंदांनी, किती वेळा, कोणत्या रंगात, हे दिव्यांच्या यादीत छापलेलं असतं. रात्री किनारा ओळखायचा म्हणजे स्टॉपवॉच घेऊन लखलखी मोजायच्या आणि यादीशी ताडून बघायच्या. शेजारचे दोन दिवे एकसारखे ठेवत नाहीत, नाहीतर जहाज मालवण समजून वेंगुर्ल्याच्या खडकावर जायचं.

दुसरं म्हणजे दिवा किती लांबून दिसतो. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजाखाली गेला की गेला. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा, किलोमीटर मिळतात. दिवा ४९ मीटरवर असेल तर २५ किलोमीटर. बघणाऱ्याचा डोळा पाण्यापासून ४ मीटरवर असेल तर त्याचे आणखी ७. म्हणजे लहान होडीतून तो दिवा ३२ किलोमीटरवरून दिसायला लागेल. (हवेतल्या वक्रीभवनाने प्रत्यक्षात थोडं जास्त.) म्हणून बुटक्या खडकावरसुद्धा उंच मनोरा लागतो.

आता जीपीएस आहे, आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारी एआयएस आहे, तरी मी म्हणेन दिवा हवाच. पडदा काळा पडला की माणूस खिडकीबाहेरच बघतो.

आडवाट
काका, अजून लिहा. या विषयावर तुमचा स्वतंत्र धागा हवा.

दीपगृहातली_लेक
लॉगइन फक्त या धाग्यासाठी केलं.

माझे वडील दीपगृह खात्यात होते. वेंगुर्ला रॉक्सवर नव्हे, दुसऱ्या एका बेटावर. आम्ही किनाऱ्यावरच्या क्वार्टर्समध्ये राहायचो आणि ते पाळीवर बेटावर जायचे. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, रॉकेल, औषधं आणि पिण्याचं पाणी, सगळं होडीतून. समुद्र खवळला की बदली माणूस पोचायचा नाही आणि बाबा तिथेच अडकायचे. आई रोज संध्याकाळी दिवा लागला की म्हणायची, "ठीक आहेत." निरोप पाठवायची दुसरी सोय नव्हती.

लोकांना दीपगृह म्हणजे वर चढून समुद्र बघायची जागा वाटते. बाबांच्या बोलण्यात समुद्र क्वचित यायचा. काच यायची. काच पुसणं, पितळ घासणं, खारट थर काढणं, हवामानाच्या नोंदी लिहिणं. जुन्या पद्धतीच्या दिव्यात रॉकेलची वाफ करून ती मॅन्टलमध्ये जाळत. ज्योत तशी लहानच, पण भोवतीच्या भिंगामुळे तिचा झोत व्हायचा. ते भिंग कित्येकशे किलोंचं, काही ठिकाणी टनांत, पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवलेलं. त्यामुळे बोटाने ढकललं तरी फिरायचं. फिरवायला घड्याळासारखी यंत्रणा: मनोऱ्याच्या मधोमध साखळीला वजन, ते हळूहळू खाली उतरायचं आणि रात्रीतून परत परत वर गुंडाळावं लागायचं. पाळीवरच्या माणसाला झोप लागली तर दिवा फिरायचा थांबणार, आणि मग जुनाखलाशी काकांचं स्टॉपवॉच काय कामाचं?

सकाळी पहिलं काम म्हणजे भिंगाभोवतीचे पडदे ओढणं. दिवसा पडदा ओढायचा राहिला तर सूर्याचे किरण त्याच भिंगातून उलटे आत एकवटतात आणि आतल्या वस्तू पेटू शकतात. लहानपणी मला हे फार भारी वाटायचं, की दिव्यालाच दिवसा झाकून ठेवावं लागतं.

किनाराकर, तुमचा मुद्दा मला पटतो. मला माझ्या मुलांना असं एखादं दीपगृह आतून दाखवायचंय. पण ते याच बेटावरचं असावं असा माझा हट्ट नाही.

टवाळभैरव
हा प्रतिसाद वाचून मी चक्क गंभीर झालो आहे. नोंद घ्यावी.

गडकोटांचा_भटक्या
दीपगृह आतून बघायचं तर खांदेरीला जा की! थळच्या समोर, अलिबागजवळ. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडावर हा किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांची झोप उडाली. मायनाक भंडारींनी तिथे तग धरला. इंग्रजांना बेट घेता आलं नाही, मग सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. दीपगृह १८६७ चं. वेताळाचं देऊळ आहे, कोळी बांधव आवर्जून दर्शनाला जातात. ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा खडकही आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात खांदेरी आहे.

तटबंदी, तोफा, दीपगृह, देव, सगळं एका बेटावर. वेंगुर्ला रॉक्सवर इतिहास म्हणावा असं काय आहे?

कागदपत्री
@गडकोटांचा_भटक्या, लढाई झाली नाही म्हणजे इतिहास नाही, हे काही बरोबर नाही.

पोर्तुगीज खलाशी सोळाव्या शतकापासून या खडकांना 'जळकी बेटं' म्हणत आले, इंग्रजांनी तेच नाव पुढे चालवलं. गोव्याकडून उत्तरेला जाणाऱ्या प्रत्येक गलबताला ही बेटं चुकवून जावं लागायचं. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली. पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला ही जागा सोयीची होती. म्हणजे किनाऱ्यालगतच्या व्यापाराच्या ऐन रस्त्यात हे खडक. दिवा उगाच नाही उभारला.

पक्ष्यांचा इतिहासही मोठा आहे. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ए. ओ. ह्यूम आधी पक्षीवेडा होता. १८७५ मध्ये लक्षद्वीपकडच्या सफरीत तो या खडकांवरही उतरला आणि त्याने पाकोळ्यांबद्दल लिहून ठेवलं. पुढे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हुमायून अब्दुलाली यांनी बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात वेंगुर्ल्याचे सुरय आणि पाकोळ्या यांवर लिहिलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या वर्णनाशी आजची वसाहत ताडून बघता येईल अशा जागा आपल्या किनाऱ्यावर किती आहेत?

गडकोटांचा_भटक्या
ह्यूम पक्षीवाला होता हे माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. तरी खांदेरीला जाच!

बोरीबंदर_ते_बोस्टन
निर्जन बेटावरचं दीपगृह म्हटलं की मला क्लिपर्टन आठवतं. पॅसिफिकमधलं प्रवाळबेट, मेक्सिकोपासून हजारभर किलोमीटर. मेक्सिकोने तिथे सैनिकांची तुकडी ठेवली होती, दीपगृहही होतं. कॅप्टन रामोन आर्नो प्रमुख. रसदीचं जहाज अधूनमधून यायचं. १९१४ मध्ये मेक्सिकोतल्या यादवीत जहाज यायचं बंद झालं आणि तिथे माणसं आहेत याचा जणू सगळ्यांना विसर पडला. ताजं अन्न नाही, स्कर्व्हीने माणसं मरत गेली. आर्नो आणि उरलेले सैनिक मदत आणायला होडीतून गेले ते बुडाले. मागे बायका, मुलं आणि एकच पुरुष उरला, दीपगृहाचा रखवालदार अल्वारेझ. त्याने स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि बायकांवर अनन्वित अत्याचार केले. जुलै १९१७ मध्ये तिर्सा रेंदोन नावाच्या बाईने त्याला ठार केलं. त्याच दिवशी अमेरिकी नौदलाची यॉर्कटाउन ही नौका तिथे पोचली आणि चार बायका व सात मुलं वाचली.

चष्मेवाली
बापरे. रात्री वाचायला नको होतं.

आडवाट
त्याच दिवशी?! कथेत लिहिलं असतं तर संपादकाने 'योगायोग फार झाला' म्हणून परत पाठवलं असतं.

टवाळभैरव
किनाराकर, दीपगृहावर मुक्कामाची सोय हवी असं लिहिणार होतात ना? आता राहू द्या.

अटलांटिकपार
धागा भरकटतोय, तरी मी थोडा परत आणायचा प्रयत्न करतो. फ्लोरिडात की वेस्टच्या पश्चिमेला ११० किलोमीटरवर ड्राय टॉर्टुगाज नावाची बेटं आहेत. गोडं पाणी नाही म्हणून 'ड्राय', कासवं भरपूर म्हणून 'टॉर्टुगाज'. १८२६ मध्ये पहिलं दीपगृह झालं, १८५८ मध्ये लॉगरहेड बेटावर दुसरं, उंच. एका बेटावर प्रचंड विटांचा किल्ला. १९९२ पासून राष्ट्रीय उद्यान.

तिथे काय करतात बघा. किल्ल्याच्या बेटावर फेरीबोटीने किंवा समुद्रविमानाने जाता येतं. शेजारच्या बुश की या बेटावर हजारो सुरय घरटी करतात. त्या काळात ते बेट पूर्ण बंद. काही वेळा वाळू साचून दोन्ही बेटं जोडली जातात, चालत पलीकडे जाता येईल अशी. तरी बंद म्हणजे बंद. लोक किल्ल्याच्या तटावरून दुर्बीण लावून पक्षी बघतात आणि कोणाची तक्रार नसते. पर्यटन आणि पक्षी एकत्र नांदू शकतात, पण नियम कोणीतरी तिथे उभं राहून पाळून घ्यावा लागतो. तिथे रेंजर असतो. आपल्याकडे फलक असतो.

पाकोळीप्रेमी
"आपल्याकडे फलक असतो." यावर काय बोलू!

कर्नाटकात मालप्याजवळच्या सेंट मेरीज बेटांवर गेले होते. साधारण आठ कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीचे, मादागास्कर भारतापासून अलग झालं त्या काळातले षटकोनी खडकांचे खांब. त्यांच्यामधल्या फटींत वेफर्सच्या पिशव्या. फलकाला टेकून फोटो काढणारे वेगळेच.

गाबीत_पोरगो
रेंजर म्हणतास तो भायरसून हाडूक कित्याक होयो? आमी आसवच मरे थय. रॉकाकडे कोण अनोळखी होडी रातची लागली तर आमकांच पयली समाजता. ते घरट्यांचे चोर काय विमानान नाय इल्ले.

अंदमानी_अनुभव
गाबीत_पोरगो अगदी मोलाचं बोलून गेले. मी काही वर्षं अंदमानात नोकरीला होते. तिथेही घरट्यांची चोरी बेसुमार होती. १९९९ पासून सालिम अली केंद्राचे रवी शंकरन यांनी वन विभागाबरोबर वेगळी वाट धरली. ज्यांना गुहा आणि घरटी माहीत होती अशाच माणसांना राखणीला लावलं. आधी घरटी काढणारे लोकही त्यात होते. पिल्लं उडून गेली की रिकामं घरटं काढायचं, त्याआधी हात लावायचा नाही, ही कल्पना. त्या घरट्यांतून रीतसर मिळकत व्हावी असाही हेतू होता. विक्रीच्या बाजूने गाडी बरीच अडखळली, पण राखलेल्या गुहांमध्ये पक्षी वाढले.

पाकोळीप्रेमी
वेंगुर्ल्याला घरटी विकायची कल्पना मला अजिबात मान्य नाही. एकदा कायदेशीर बाजार झाला की चोरीचा माल त्यात मिसळायला वेळ लागत नाही. आणि आपल्या पाकोळीचं घरटं पिसाशेवाळाचं, त्याला भाव कमी. म्हणजे जास्त घरटी काढायचा मोह.

राखणदारीचा भाग मात्र एकशे एक टक्के मान्य.

अंदमानी_अनुभव
विकाच असं मी म्हणतच नाही. ज्याला जागा ठाऊक आहे त्यालाच पगार द्या, एवढंच.

जुनाखलाशी
एक निरीक्षण. दीपगृहावर रात्रंदिवस माणसं असायची तेव्हा आसपास काय चाललंय ते कोणाला तरी दिसायचं. आता देशभर दिवे सौरऊर्जेवर आणि स्वयंचलित होत गेले. दिव्याचं काम बिनबोभाट होतं, पण मनोऱ्यातली माणसाची नजर गेली. निर्जन बेट आपोआप सुरक्षित असतं असा समज दिसतोय इथे काही जणांचा. चोराला निर्जनच हवं असतं.

दीपगृहातली_लेक
काका, हे बाबाही म्हणायचे. त्यांच्या नोंदवहीत हवामानाखाली जवळून गेलेल्या होड्या लिहिलेल्या असत. कोणी सांगितलं होतं म्हणून नव्हे, सवय म्हणून.

किनाराकर
वाचतोय सगळं. माझा मूळ प्रस्ताव जिना चढू देण्याचा होता, पण चर्चेतून त्याहून चांगलं काही निघतंय. थोडं मांडून बघतो.

पाकोळीचा विणीचा काळ साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्यापर्यंत. सुरय त्यानंतर, पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि त्या दिवसांत तिकडे जायचा प्रश्नच नाही. म्हणजे उरतात नोव्हेंबर ते जानेवारी. त्या तीन महिन्यांत, फक्त सकाळी, फक्त निवती-भोगवे-वेंगुर्ल्याच्या होड्या, बेटाला प्रदक्षिणा, उतरणं नाही. तिकिटातला एक वाटा बारमाही राखणदारांना. दीपगृह आतून बघायचं तर ते किनाऱ्यावरच्या एखाद्या ठिकाणी. @गाबीत_पोरगो, हे चालेल का?

पाकोळीप्रेमी
प्रदक्षिणा किती अंतरावरून, ते लिहा. गुहेच्या तोंडाशी इंजिन घरघरत उभं राहिलं तर उतरल्यासारखंच. बाकी महिने बरोबर पकडलेत. लोकांना शिमग्याच्या नि मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असतं आणि नेमकी तेव्हाच घरट्यात पिल्लं असतात, हीच तर मोठी गोची आहे.

गडकोटांचा_भटक्या
मे महिन्यात खांदेरी...

टवाळभैरव
अहो कळलं.

गाबीत_पोरगो
किनाराकरानु, हिशोब बरो मांडलास. डिसेंबरात सकाळी मतलई असता तवा दर्यो निवळ असता, जमात. पण दोन गोष्टी. एक, आमचे गळवाले त्याच खडपार आसतत, टुरिस्टांच्या होडयेन गळ तोडले तर भांडाण होतला. येळ वाटून घेवक होये. दोन, ती गुलदार खाली बसली की डायव्हिंगवाले बारा महिने येतले, त्यांका कोण सांगतलो फेब्रुवारीत येव नको म्हणान?

कागदपत्री
दुसरा मुद्दा गंभीर आहे. ८४ मीटर लांबीचं, रणगाडे किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेलं जहाज आहे ते. तळाशी नीट बसलं तर त्यावर प्रवाळ, मासे येतील, हे ठीकच. पण प्रकल्पाच्या कागदांत सगळा विचार पाण्याखालचा असतो. पाण्यावरच्या खडकाचं काय, हे आत्ताच विचारायला हवं. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीचं उदाहरण बघा. तिथेही पाकोळ्या आणि समुद्रगरुड आहेत, आणि डायव्हिंग चालतं ते बेटाभोवतीच्या पाण्यात. डायव्हिंगवाल्यांना बेटावर उतरायची गरजच नसते. होड्या नांगरायच्या जागा गुहांपासून लांब, कायमच्या बोया टाकून ठरवल्या तर नांगराने तळही खरवडला जाणार नाही आणि अंतरही आपोआप राखलं जाईल.

पाकोळीप्रेमी
बोयांची कल्पना उत्तम. याला माझा पाठिंबा.

बोरीबंदर_ते_बोस्टन
अवांतर: क्लिपर्टनचा निकाल कसा लागला ते राहिलं. फ्रान्स आणि मेक्सिको दोघांनीही दावा सांगितला, लवाद नेमला इटलीच्या राजाला, आणि १९३१ मध्ये बेट फ्रान्सला मिळालं. अजूनही वस्ती नाही. खेकडे चिक्कार.

टवाळभैरव
खेकडे चिक्कार आणि वस्ती नाही? मालवणी माणसाला अजून पत्ता लागलेला दिसत नाही.

आडवाट
मला डिसेंबरात निवतीला जायचंच आहे. उतरायचं नाही, फक्त लांबून फेरी. होडी ठरवायला कोणाशी बोलावं? भाडं साधारण काय पडेल?

गाबीत_पोरगो
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलय. लाइफ जॅकेट नसात त्या होडयेत बसा नको, मगे ती माझ्या काकाची असली तरी.